कालच आलो, उद्या उठतो

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग ते संतरामला ऐकू आलं. म्हणजे आधी ते दारात उभ्या असलेल्या मॅडमनी ऐकलं, मोजणीची फीत धरून उभ्या असलेल्या त्यांच्या माणसानं ऐकलं, शेजारच्या ओट्यावर दात घासत बसलेल्या रतनसिंगनं ऐकलं, आणि सगळ्यांत शेवटी ते संतरामच्या स्वतःच्या कानात शिरलं. मॅडमनी विचारलं होतं एवढंच, की बाबा, या जागेवर तुम्ही केव्हापासून राहता. साधा प्रश्न. हा प्रश्न येणार हे मोंढ्यामागच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, गेला महिनाभर पारावर दुसरा विषय नव्हता. दोन हजार अकराच्या आधीपासून सरकारी जागेवर जे राहतात त्यांच्या नावावर जागा होणार, पट्टा मिळणार, नवराबायको दोघांच्या नावानं मिळणार. संतरामनं सकाळी उठून दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता. आणि त्या सदऱ्यात, हात जोडून, मान थोडी तिरकी करून, आवाज पार खाली नेऊन तो म्हणाला, "कालच आलो मॅडम. उद्या उठतो."

रतनसिंगच्या तोंडातला फेस त्याच्याच बनियनवर उडाला. हसू आवरेना बिचाऱ्याला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. सुनीती मॅडम वयानं संतरामच्या लेकीएवढ्या असतील, उन्हानं लाल झालेल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात फळीला लावलेले कागद. त्यांनी संतरामच्या बायकोकडं, पार्वतीकडं पाहिलं. पार्वतीचा जबाब आधीच झाला होता आणि तो चोख होता. "माझं लगीन झालं अन् मी आले ती ह्याच घरात. आता माझ्या वैष्णवीची पोरगी शाळंत जाती. लावा तुमीच हिशोब," असं तिनं सांगितलं होतं, वर मॅडमना पाणीही दिलं होतं. आता ती नवऱ्याकडं अशी बघत होती, जशी उतू गेलेल्या दुधाकडं बाई बघते.

"बाबा, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "मी उठवायला नाही आले. जागा नावावर करायला आले. नीट सांगा, केव्हापासून राहता?"

संतराम घाबरला नव्हता, हीच तर गंमत. त्याला सगळं समजत होतं. खरं उत्तर त्याच्या डोक्यात ढळढळीत उभं होतं. त्यानं मान हलवली, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "व्हय मॅडम. कालच..." मागून पार्वतीनं सदरा ओढला म्हणून पुढचं राहिलं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या समजूतदार होत्या, पण त्यांचंही काम होतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की वीजबिल आहे, मतदार यादीत नाव आहे, सगळं खरं, पण कागद एक म्हणतो आणि माणूस दुसरंच म्हणतो असं पाठवलं तर ते वरून जसंच्या तसं परत येतं. दोघांचा जबाब जुळला पाहिजे. मी काही खाडाखोड करणार नाही आणि तुमच्या तोंडी काही घालणारही नाही. आत्ता ही ओळ मोकळी सोडते, वस्तीच्या त्या टोकापर्यंत जाऊन येते, येताना परत विचारते. आज वस्तीचं काम संपवायचंय, उद्यापासून आम्हाला दुसरीकडं लावलंय. "तोवर जरा बसा निवांत, आठवा," असं म्हणून त्या रतनसिंगच्या दाराकडं वळल्या. ही बाई उलटून येईल तेव्हा संतरामच्या तोंडातून खरं निघालं तर घर त्याचं, आणि ते जुनंच निघालं तर घर जसं होतं तसंच सरकारचं. इतकं सोपं होतं ते. पार्वती दारातली घागर उचलताना एवढंच म्हणाली, "कॅसेट भरलीय का तोंडात तुमच्या?"

तो बाजेवर बसला आणि त्याला वाटलं, पार्वती म्हणते ते बराबर आहे, भरलेलीच आहे. भरली ती आबानं. आबा म्हणजे त्याचा बाप, उत्तमराव. लोकांची लेकरं दिवेलागणीला शुभंकरोती शिकतात, संतराम हे शिकला. सेनगावच्या गाडीनं ते गावाहून, साखऱ्याहून, हिंगोलीला आले तेव्हा तो आईच्या मांडीवर उभा राहून खिडकीच्या गजाला दात लावत होता, त्या गजाची आंबट चव अजून त्याच्या जिभेला आहे. साखऱ्याची जमीन भावाभावांत वाटता वाटता आबाच्या वाट्याला जे आलं त्यावर ज्वारीपेक्षा दगडच जास्त पिकत होते. भांडण नाही, तंटा नाही, आबा नुसता उठून आला. एक हंगाम मोंढ्यात हमाली करू, चार पैसे गाठीला लावू, परत जाऊ. हळदीची पोती होती, पाठ होती, आणि मोंढ्याच्या भिंतीमागं बाभळीची पड जागा होती. आबानं चार मेढी रोवल्या, वर पत्रे टाकले. मग एक दिवस सरकारी जीप आली. आबानं त्या दिवशी हात जोडून जे वाक्य म्हटलं ते काही त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. कालच आलो सायेब, उद्या उठतो. जीप निघून गेली. पुढच्या वेळी परत आली, आबा परत तेच म्हणाला, परत गेली. मग वस्तीत जो जो येईल त्याला आबा हे शिकवू लागला, जसं कुणी विंचवाचा उतारा शिकवावा तसं. आवाज खाली ठेवायचा. 'कालच' लांबवायचं न्हाई. 'उद्या' म्हणताना सायबाच्या डोळ्यात बघायचं न्हाई, पायाकडं बघायचं. संतराम सात-आठ वर्षांचा असेल नसेल, आबा कामावर असताना जीप आली आणि त्यानं एकट्यानं हे वाक्य म्हणून ती परत पाठवली. त्या दिवशी आबानं त्याला मोंढ्यातल्या हॉटेलात नेऊन जिलबी खाऊ घातली. आयुष्यात त्याचं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

आणि साहेब लोक काय बावळट होते? त्यांनाही कळत होतं. एक जाडे साहेब होते, मिशा पांढऱ्या, ते जीपमधून उतरायचेसुद्धा नाहीत. "काय उत्तमराव, गेल्या साली बी कालच आला होता ना?" म्हणून हसायचे. आबा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "व्हय सायेब, तवाबी कालच." दोघांचं बरं चाललं होतं. आपण नाही का कुणी दारावरून जाताना 'या जेवायला' म्हणतो, आणि जाणाराही 'झालं, झालं' म्हणून पुढं जातो, त्यातलाच प्रकार. एकदाच फक्त ते चाललं नाही. नवी कोरी माणसं आली होती, हसत नव्हती. पत्रे निघाले, मेढी निघाल्या, आई चुलीवरची डाळ तशीच उतरवून भगुणं मांडीवर घेऊन बाहेर बसली. ती माणसं गेली, डाळ निवायच्या आत आबानं परत मेढी रोवल्या, फक्त दाराचं तोंड रस्त्याकडून फिरवून मोंढ्याच्या भिंतीकडं केलं. जेवताना आबा म्हणाला, "असंबी उद्या जायचंच हाय." आईनं वाढता वाढता नुसतं हं केलं. संतरामला त्या डाळीत गेलेल्या मातीचा करकरीत आवाज दाताखाली आठवला आणि का कोण जाणे, त्याला भूक लागली.

आता ऊन ओट्यावर आलं होतं. तो बाज सरकवून सावलीत बसला. आपण ह्या घराला घर म्हणून कधी हाक मारली, हे तो आठवू लागला, आणि त्याला काही सापडेना. मोंढ्यात कुणी विचारलं राहता कुठं, तर तो म्हणायचा, सध्या इकडंच, मागं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तरी सध्या. लेकीच्या सोयरिकीला पाव्हणे आले, त्यांनी विचारलं घर स्वतःचं का, तेव्हाही याच्या तोंडातून 'सध्या हाय' असं निघालं आणि पार्वतीनं कपाळाला हात लावला. तेव्हापासून ती चिडली की त्याला 'सध्याचे मालक' म्हणते. या सध्यात घर वाढत मात्र गेलं. कुडाचं पत्र्याचं झालं, पत्र्याचं विटांचं झालं. पण विटा लावायच्या म्हणजे सरळ लावायच्या नाहीत. एका सालात एकच भिंत, तीही मागची आधी. आणि रस्त्याकडची भिंत बांधली तेव्हा सगळ्या वस्तीसारखं त्यांनीही तिच्यावर शेणामातीचा जाड हात फिरवला, रस्त्यावरून जाणाऱ्याला कुडच दिसावा म्हणून. लोक मातीच्या भिंतीला सिमेंट लावून मिरवतात, ही वस्ती सिमेंटला शेण फासून लपत होती. पार्वती दर सणाला ती भिंत सारवायची आणि म्हणायची, माझं माहेर हट्ट्याचं, तिथं लोक भिंतीला रंग देतात. पण सारवायची नेमानं. खोटी भिंत सारवताना तिच्या बोटांच्या ज्या कमानी उठायच्या त्या मात्र खऱ्या होत्या, इतक्या नेटक्या की बघत राहावं.

त्याहून मोठी गोष्ट उंबऱ्याची. वस्तीत कुणाच्याच घराला उंबरा नव्हता. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण उठायचंय उद्या तर उंबरा काहून बसवायचा, असं होतं. उंबरा बसवला की घर खाली बसतं, असं जुनी माणसं म्हणायची. मग लग्नं व्हायची तेव्हा पंचाईत. नव्या नवरीनं माप कशावरून ओलांडायचं? तर भिकाबाईकडं एक सागाची फळी होती. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई भिकाबाई, तिच्या न्हाणीत ती फळी कपडे धुवायला असायची. लग्न असलं की फळी घासूनपुसून, हळदीकुंकू लावून दारात ठेवायची, तिच्यावर तांदळाचं माप, नवरीनं पायानं लवंडायचं, आत यायचं, की फळी उचलून परत. पार्वती आली त्या दिवशी वस्तीत तीन लग्नं होती. पार्वतीचा एक पाय आत पडला न पडला तोच भिकाबाई खालून फळी ओढायला लागली, "उचल गं बाई पाय, पल्याड नवरी उन्हात उभी हाय." नऊवारीचा काठ फळीखाली अडकलेला, पार्वती दारात लोंबकळलेली, आणि संतरामला हसू फुटलं. पार्वतीनं त्याच्याकडं पाहिलं ते पहिल्यांदा, उतू गेलेल्या दुधाकडं बघावं तसं. पुढं कितीदा तरी तिनं हे ऐकवलंय, की मी काय तुमच्या घरात आलेच न्हाई, अर्धा पाय अजून दारातच हाय, फळी नेली माझी. गमतीनं म्हणते. पण आज संतरामला वाटलं, ती सगळंच काही गमतीनं म्हणत नसेल. आपण तिला काय दिलं, तर सध्या. एवढी वर्षं ती सध्यावर संसार करून राहिली. त्याला वाईट वाटलं, सरळसरळ, त्या वाटण्याला दुसरं नाव नव्हतं.

रतनसिंग आला तो दोन कप चहा घेऊनच. त्याचं कढया-झाऱ्यांना दांडे बसवायचं काम, हात कायम काळे, मन साफ. त्याची मोजणी झाली होती. "जमलं?" संतरामनं विचारलं. "जमलं यार," रतनसिंग म्हणाला, "पर सच सांगू? माझ्या बी व्हटावर तेच आलं होतं. तुझा आवाज ऐकला म्हून वाचलो." मग त्याला हुरूप आला. त्यानं बाजेवरचा टॉवेल गळ्यात ओळखपत्रासारखा घातला, चहाची बशी कागदासारखी हातात धरली आणि म्हणाला, "मी मॅडम. बोला बाबा, केव्हापासून राहता?"

"लई वर्षं झाली," संतराम म्हणाला.

"शाबास. आता हात सोड आन् परत बोल. केव्हापासून राहता?"

"लई वर्षं झाली, आमचे आबा आले तवापासून."

"एकदम बराबर! आता मी जरा डोळे मोठे करतो. सरकारी आवाजात. काय हो, केव्हापासून राहता?"

"कालच आलो सायेब," संतराम म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की रतनसिंगच्या बशीतला चहा सांडला. आतून पार्वतीची भांडी जरा जास्तच वाजली. रतनसिंग उठता उठता गंभीर झाला, संतरामच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हसू दे. पर भाभीसाठी तरी बोल रे." आणि गेला.

आता संतराम एकटा होता आणि त्याला कळत होतं की ही नुसती सवय नाही. सवय असती तर रतनसिंगची कशी मोडली? रतनसिंगचा बाप तर असाच आला होता, असाच हात जोडून उभा राहिला होता. मग आपल्याच गळ्यात हे काय अडकून बसलंय? तो डोळे मिटून बसला. मिटल्या डोळ्यांत ऊन लाल दिसतं तसं दिसत होतं, मोंढ्याकडून हळदीची धूळ येत होती, ओलसर, मातकट, नाकाच्या आत जाऊन बसणारी. हळद यायला लागली की वस्तीतली धुणीसुद्धा पिवळी वाळतात. त्या वासातून आबा आला. आबा नेहमी ह्या वासातूनच येतो. शेवटच्या आजारपणातला आबा, ह्याच बाजेवर, अंगावर पार्वतीचं जुनं लुगडं. पाठ गेलेली, बोलणं मात्र शाबूत. सकाळी उठला की विचारायचा, "गाडी सांगितली का रे?" कुठली गाडी, कुणालाच कळेना. मग एकदा म्हणाला, "साखऱ्याची. आता उठायला पायजे. लई दिस झाले लोकाच्या जागेवर." संतरामला जे एकच बोलायला येत होतं तेच तो बोलला. "सांगितली आबा. उद्या उठू." आबाचा चेहरा निवला. रोज सकाळी तो विचारायचा, रोज संतराम सांगायचा, उद्या उठू आबा. शेवटी आबाला नेलं ते कयाधू नदीकाठच्या मसणात.

म्हणजे हे होतं तर. संतराम डोळे उघडून सरळ बसला. साहेबाला सांगायचं ते खोटं होतं, पण तेच वाक्य आबाला दिलेला शब्द होता. आबाला साखऱ्याला नेलं नाही ते नाहीच, पण जोवर आपण उद्या उठतो म्हणतोय तोवर आबाची गाडी कुठंतरी उभी आहे, तिचं इंजिन चालू आहे. आज मॅडमपुढं आपण म्हणालो की आम्ही इथलेच, तर ती गाडी गेली. आबाचं उठणं संपलं. पट्टा आपल्या नावावर आणि आबा कायमचा लोकाच्या जागेवर मेलेला. हे जर रतनसिंगला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मरे हुए को क्या गाडी. पण सांगायचं नव्हतंच कुणाला. कळलं म्हणूनच बरं वाटत होतं, काटा कुठं आहे ते बोटाला लागल्यावर वाटतं तसं.

मग साखऱ्याला आपण शेवटचं कधी गेलो? चुलतभावाच्या नातवाचं लग्न. पार्वतीला घेऊन तो गेला होता, सेनगावपर्यंत बस, तिथून जीप. गावात शिरताना त्याला सारखं वाटत होतं की आता काहीतरी ओळखीचं दिसेल आणि आपल्याला भडभडून येईल. दिसलं ते पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, सोयाबीनची गंजी. चुलतभावानं मिठी मारली, माया खरी होती त्याची. पण ओसरीवर त्याच्यासाठी वेगळी सतरंजी अंथरली. "आमचे हिंगोलीचे पाव्हणे," असं म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली. जेवायला आधी बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला, अन् निघताना टॉवेल-टोपी केली. घरच्या माणसाला कुणी टोपी घालतं? त्या वेळी संतरामला हे लागलं नव्हतं, उलट मान मिळाला म्हणून तो खूश होता, टोपी घालूनच बसमध्ये बसला होता. परत हिंगोलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा हळदीचा वास आला आणि पार्वती म्हणाली, "आलं बाई घर." आणि त्यालाही हुश्श झालं होतं. झालं होतं की नाही? झालं होतं. पायातली चप्पल काढून तो ह्याच बाजेवर आडवा झाला होता आणि लगेच झोपला होता. साखऱ्याला त्याला डुलकी लागली नव्हती.

त्याला आता आबाचा राग आला, थोडासाच. आबा, तू बी कधी गेला होतास का परत? एकदासुद्धा न्हाई. गाडी रोज होती, सेनगावची तर दिवसात किती. तिकीट काढायला कुणी अडवलं होतं? तू मोंढ्यात मुकादम झालास, वस्तीची भांडणं मिटवलीस, ह्या बाभळी तोडून इथं लिंब लावलास आणि पोरांना त्याच्या निंबोळ्या मारल्या म्हणून शिव्या घातल्यास. लिंब लावतं का कुणी, उद्या उठणारं माणूस? आबा बाजेच्या पायथ्याशी बसला होता, बसला होता म्हणजे तसं वाटत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जाड्या साहेबाशी बोलतानाचा तोच गंभीर भाव होता, ज्याच्या मागं हसू असायचं. संतराम बघतच राहिला. आपण इतकी वर्षं ह्या चेहऱ्याला दुःख समजत आलो. म्हातारा शेवटपर्यंत थट्टाच करत होता की काय? कळायला मार्ग नव्हता. पण तसं असेल हे त्याच्या मनाला इतकं पटलं की त्याला एकदम हलकं वाटलं, पोतं थप्पीला लावून रिकाम्या पाठीनं परत फिरताना वाटतं तसं.

मॅडम आल्या तेव्हा दुपार कलली होती. चेहरा पार सुकलेला, ओढणी डोक्यावर घेतलेली. फीत धरणारा माणूस लिंबाखाली टेकला. रतनसिंग आपल्या ओट्यावर कढई पुढ्यात घेऊन बसला होता, पण हातोडी चालत नव्हती. पार्वती दाराच्या आत उभी राहिली, अर्धी दिसत होती, अर्धी नाही.

"हं बाबा," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या आणि पेन उघडलं.

संतराम उठला. वाक्य आलं होतं, ते येणारच होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. त्यानं तोंड मिटलं. मग तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "आधी आत या मॅडम. उन्हात काहून उभ्या?"

पार्वतीनं मान वर केली. आजवर कुठल्याच सरकारी माणसाला त्यांनी आत घेतलं नव्हतं. जे बोलायचं ते दारात, पुढं उभं राहून, पाठीनं घर झाकून. मॅडम आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पंख्याखाली चेहरा वर करून त्यांनी एकदा श्वास सोडला. त्यांनी घर बघितलं. संतरामनंही त्यांच्याबरोबर बघितलं. फडताळ, त्यात घासून ठेवलेली पितळी भांडी, वैष्णवीचा लग्नातला फोटो, देव्हारा, कोपऱ्यात शिलाई मशीन. इतकं सामान आहे आपलं, हे पाहून तोच चकित झाला.

"केव्हापासून राहता?" मॅडमनी विचारलं, आणि तो सांगू लागला.

आबाच्या मेढी सांगितल्या. आई सांगितली, तिनं ही जमीन चोपून चोपून कशी घट्ट केली ते सांगितलं, "ह्या फरशीखाली अजून तिचंच काम हाय." वैष्णवी झाली तेव्हा पावसाचं पाणी घरात आलं आणि भिकाबाईनं बाळंतिणीची बाज विटांवर चढवली ते सांगितलं. वीज आली त्या दिवशी आई दिव्याखाली नुसती बसून राहिली, निजायला तयार नव्हती, ते सांगितलं. कुठली भिंत कुठल्या सालच्या हळदीवर उभी राहिली, कुठल्या खिडकीचे गज कुठल्या पडक्या गोदामातून आले. वर्षं पुढंमागं होत होती, मध्येच पार्वती "न्हाई, तवा वैष्णवी पाचवीला होती" असं म्हणून दुरुस्त करत होती, आणि चुकीचं दुरुस्त झालं की तो पुन्हा तिथून सांगत होता. आवाज खाली नव्हता. रतनसिंगच्या ओट्यापर्यंत जात असणार. सरकारपुढं जन्मात एकच वाक्य बोललेला माणूस तो, आता त्याला थांबताच येईना.

मॅडमनी दोन ओळी लिहिल्या होत्या, पेन तसंच धरून ठेवलं होतं. त्या हसल्या. "बाबा, झालं. मला वर्ष मिळालं. बाकी एवढं नाही लागत."

"लिवू नका मॅडम," संतराम म्हणाला. "नुसतं ऐका."

त्या ऐकत बसल्या. पार्वतीनं चहा टाकला, आलं ठेचलं. चहा झाला, मॅडमनी तो सावकाश प्यायला, मग बशी खाली ठेवून कागद पुढं ओढला. "एकच राहिलं. मूळ गाव?"

हे उत्तर पार्वतीचं ठरलेलं होतं. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, कुठंही कुणी विचारलं की नवरा अडखळायच्या आत ती सांगून मोकळी होत असे. तिनं तोंड उघडलं, "सा—"

"हेच," संतराम म्हणाला.

मॅडमनी वर पाहिलं. पार्वती चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी होती. संतरामनं तिच्याकडं पाहिलं नाही, पण ती आपल्याकडं बघतेय हे त्याला कळत होतं, आणि त्याला लाज वाटत होती आणि फार बरं वाटत होतं.

"हे म्हणजे?" मॅडमनी विचारलं. "नाव सांगा गावाचं."

"हिंगोली," तो म्हणाला. मग मॅडमना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं पुन्हा एकदा सांगितलं.